साडेतीनशे ग्रॅम

आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्ही राहतो हिंगणघाटला, तिचे डॉक्टर नागपुरात. जाम, बुटीबोरी करत जायला दीड तास, मशीनवर चार तास, परत यायला दीड तास. दिवसभरात पाऊण लिटरच्या वर पाणी प्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि त्या पाऊण लिटरमध्ये चहा, वरण, ताक सगळं आलं. विदर्भातल्या मे महिन्यात हे पाळणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी असं माणूस आहे त्यालाच कळेल. आई एका छोट्या थर्मासमध्ये बर्फाचे आठ खडे मोजून घेते. घसा फारच सुकला की एक खडा तोंडात धरते आणि तो विरघळेपर्यंत ओठ मिटून खिडकीबाहेर बघत बसते.

त्यामुळे आमच्या घरी गाडीचा एसी ही चैन नाही. आणि तोच या उन्हाळ्यात तीनदा बंद पडला. पहिल्यांदा मार्चमध्ये. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी वीस मिनिटांत गॅस भरला, जाळीपुढे हात धरायला लावला, १,८०० रुपये घेतले. कूलिंग एकदम छान. दीड महिन्यानं पुन्हा गरम हवा. तिथंच नेली, पुन्हा भरला, पुन्हा १,८००. या वेळी एकोणीस दिवस टिकला. विचारलं तर म्हणाले, जुनी गाडी आहे, दर उन्हाळ्याला भरावाच लागतो. गाडी २०१३ची आहे हे खरं, पण एकोणीस दिवसांत कुठला उन्हाळा संपतो?

त्या मंगळवारी आम्ही काचा उघड्या टाकून नागपूरहून परत आलो. बाहेर ४४ होतं. जामच्या अलीकडेच थर्मास रिकामा झाला. घरी आल्यावर आईनं माठातलं दोन फुलपात्री पाणी घटाघट प्यायलं, आणि मग अपराध्यासारखी माझ्याकडे पाहायला लागली. मी त्याच संध्याकाळी वर्ध्याला मामांना फोन लावला.

मामा आईहून चार वर्षांनी लहान. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि पस्तीस वर्षं फ्रिज, वॉटर कूलर, गाड्यांचे एसी दुरुस्त केले. गुडघ्यांमुळे दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण हत्यारं अजून तेल लावून ठेवलेली. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘गॅस काई पेट्रोल नोहोय बाप्पा, जळून संपाले. गेला म्हंजे कुठूनतरी गेला. आधी भोक पाह्य, मंग गॅस पाह्य.’

मला हे कुणी तोवर सांगितलंच नव्हतं. गाडीतला गॅस एका बंद चक्रात फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याला थंड करून द्रव करतो, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथं उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. यात खर्च होण्यासारखं काही नाही. रबराच्या पाइपातून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढं सोडलं तर तोच गॅस वर्षानुवर्षं पुरायला हवा.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मामा आले. एका पिशवीत गेज सेट, म्हणजे दाब मोजायचे काटे आणि त्यांच्या नळ्या, शिवाय पाना-पेटी, रिंगांची डबी. दुसऱ्या हातात व्हॅक्यूम पंप, दहा किलोचा तरी असेल. मी रागावलो, फोन केला असता तर गाडी घेऊन आलो असतो. ‘त्या भट्टीत बसून याले?’ म्हणाले, आणि आईच्या शेजारी कूलरपुढे बसून चहा प्यायले. नायट्रोजनचं सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर गावातल्या एका फ्रिजवाल्याकडून मागून आणला. तो मामांचा जुना शागीर्द, भाडं घेईना.

गाडी अंगणात कडुनिंबाखाली लावली. मोकळ्यावरच लावायची, बंद शेडमध्ये नाही, हे मामांचं पहिलं सांगणं. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला वासही जवळजवळ नसतो. खाली साचला तर माणसाला कळत नाही. जवळ विडी, शेगडी काही नको, कारण आगीत सापडला तर त्यापासून विषारी आम्ल तयार होतं. त्यांनी मला चष्मा आणि हातमोजे घालायला लावले आणि स्वतःचा अंगठा दाखवला. नखाखालची कातडी पांढुरकी, गुळगुळीत. द्रव गॅस उणे २६ अंशाला उकळतो, हातावर उडाला तर भाजल्यासारखी जखम करतो. ‘एक सेकंद लागला हे व्हाले,’ एवढंच म्हणाले.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतं. इतकी वर्षं मी ते कधी वाचलं नव्हतं. धूळ पुसल्यावर दिसलं: आर-१३४ए, ३५० ग्रॅम, तेल पीएजी ४६. मामांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा वेगळा गॅस असतो, त्याच्या तोट्याही वेगळ्या. त्यामुळे स्टिकर न वाचता डबा आणायचाच नाही. डबा आणतानाही सील बघून, नावाच्या दुकानातून. स्वस्तात मिळणाऱ्या गॅसमध्ये घरगुती सिलिंडरसारखा पेटणारा गॅस मिसळलेला असू शकतो, आणि गाडीत आपली माणसं बसतात.

एसीच्या लाइनीला दोन तोट्या असतात. जाड पाइपावरची लो साइड, बारीक पाइपावरची हाय साइड. दोन्हींची मापं वेगळी, त्यामुळे गेजच्या नळीचं निळं टोक, म्हणजे कपलर, लालच्या जागी बसतच नाही. मामांनी दोन्ही लावले. इंजिन बंद. दोन्ही काटे २० पीएसआयवर.

‘बाहेर एक्केचाळीस असन,’ मामा म्हणाले. ‘आत थोडाही गॅस पाण्यावानी असता तं काटा एकशे पस्तीसवर गेला असता. म्हंजे लाइन खाली हाय.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला या दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. इंजिन बंद असताना आत द्रव आणि वाफ दोन्ही असतील, तर दाब फक्त तापमानावर ठरतो. ४१ अंशाला आत दीडशे ग्रॅम असो की साडेतीनशे, काटा तोच आकडा दाखवतो. इंजिन चालू असतानाचा दाबसुद्धा ऊन, वारा, इंजिनाचा वेग यावर हलतो. म्हणजे गेजच्या काट्यावरून गॅस किती आहे ते मोजता येत नाही. मोजायचा तो वजनकाट्यावर. गॅरेजमध्ये दोन्ही वेळा मी वजनकाटा पाहिलाच नव्हता. कमी भरला तर थंड होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरला तरी थंड होत नाही आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

उरलेला काही ग्रॅम गॅस सुटला. तो ओढून घेणारं मशीन घरी कुठून आणायचं? पण मामांना ते आवडलं नाही, आणि त्यांनी कारण सांगितलं तेव्हा मलाही. हा गॅस हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. आधी दोनदा भरलेला मिळून सातशे ग्रॅम धरला तर एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर वाचवायला जुना आर-१२ गॅस गेला आणि हा आला. आता उष्णतेपायी हाही कमी करायचं २०१६ला रवांडातल्या किगालीत ठरलं, भारतानं त्याला २०२१मध्ये मान्यता दिली. दुकान चालू होतं तेव्हा या बदलांचं एकेक पत्रक मामा जपून ठेवत. त्यातली वाक्यं ते अजून जशीच्या तशी म्हणून दाखवतात.

मग भोक शोधणं. पुढची जाळी काढली. कंडेन्सरला पाइप जिथं बोल्टनं बसतो, तिथं काळपट चिकट धूळ बसलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, गॅस जिथून जातो तिथं तेल झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी डोळ्यांनी बघायचं. लाइनीत नायट्रोजन भरून १५० पीएसआयवर आणला आणि भांड्याच्या साबणाचं दाट पाणी चित्रकलेच्या ब्रशनं त्या सांध्याला लावलं. लगेच बारीक फेस आला, दुधावरच्या फेसासारखा. आई पडवीतून बघत होती. ‘हेच का ते?’ तिनं विचारलं. ‘हेच ते, ताई,’ मामा म्हणाले.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. तपासणीला नायट्रोजनच. साधा हवेचा कॉम्प्रेसर लावला तर हवेतला ओलावा लाइनीत जातो. ऑक्सिजनचं सिलिंडर तर चुकूनही लावू नका, आतल्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

दाब सोडून सांधा उघडला. आतली रबरी रिंग एका बाजूनं चपटी, नखानं दाबली तर तडकली. मामांच्या डबीत गॅसच्या लाइनीच्या हिरव्या रिंगा होत्या. कुठलीही काळी रिंग चालत नाही, या गॅसला आणि तेलाला टिकणारीच लागते. नव्या रिंगेला पीएजी तेलाचं बोट लावलं, ग्रीस नाही. गेलेल्या तेलाच्या बदल्यात सिरिंजनं दहा मिली तेल पाइपात सोडलं आणि तेलाची बाटली लगेच घट्ट बंद केली. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरायची नाही. रिंगेची किंमत पंधरा रुपये.

मला वाटलं, झालं. आता गॅस भरू. मामांनी ऐकलं नाही. संध्याकाळी सातला लाइन पुन्हा १५० पीएसआयवर नेली आणि गेज काढून ठेवलं. मी विचारलं, लावून का नाही ठेवायचं, काटा दिसला असता. तर म्हणाले, मग गळती आपल्या पाइपाची की गाडीची, ते कसं समजणार?

सकाळी सहाला गेज लावलं. १३०.

‘रात्री गार झालं म्हणून उतरला असेल,’ मी म्हणालो. खरं तर मला ते तसं असावं असं वाटत होतं. मामांनी मान हलवली. संध्याकाळी ३८ होतं, आता २८. ‘दहा डिग्रीनं चार-पाच उतरन. वीस नाही उतरत.’

मग ते खाली वाकले आणि लो साइडच्या तोटीकडे बघत राहिले. तिथं टोपण नव्हतं. हाय साइडला काळं टोपण होतं, इथं नुसती उघडी तोटी. आदल्या दिवशी आम्ही दोघांनीही ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. मामांनी तोटीत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. आधी काहीच नाही. मग थेंबाचा मधला भाग जरासा वर आला, त्याचा एक बुडबुडा झाला, ज्वारीच्या दाण्याएवढा, मग हरभऱ्याएवढा. त्यात कडुनिंबाची फांदी उलटी दिसत होती. तो फुटला आणि त्याच जागी दुसरा यायला लागला.

तोटीच्या आत गाडीच्या टायरच्या वॉल्व्हमध्ये असते तशी एक पिन असते. दरवेळी गॅस भरताना कपलर तिला दाबतो. तिचं सील झिजलं होतं, आणि वरचं टोपण, जे दुसऱ्या सीलचं काम करतं, ते कुणीतरी परत लावलंच नव्हतं. मार्चपासून दोनदा ती तोटी उघडली गेली होती. रात्री आम्ही गेज लावून ठेवलं असतं, तर कपलरखाली ही गळती झाकली गेली असती आणि आम्हाला दिसलीच नसती. मामा मोठ्यानं काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्याच्या कामातली हयगय त्यांना स्वतःला लागते.

पिन बदलायला पाच मिनिटं लागली. आठला पुन्हा १५०. दुपारी साडेतीनला गेज लावलं तेव्हा बाहेर ४२ होतं आणि काटा १५५वर. मी गोंधळलो, मामा पहिल्यांदा हसले. ऊन चढलं तसा आतला नायट्रोजन फुगला. म्हणजे लाइन बंद आहे.

आता व्हॅक्यूम. घाईत हेच टाळलं जातं. पंप लावला की काटा शून्याच्या खाली उतरतो, आमचा उणे ३० इंचांपाशी टेकला (शून्याखाली पीएसआय नाही, पाऱ्याचे इंच मोजतात). हवा निघून जाते हे तर झालंच, पण दाब इतका कमी झाला की लाइनीतलं पाणी साध्या तापमानाला उकळतं आणि वाफ होऊन पंपातून बाहेर पडतं. ते पाणी आत राहिलं तर एक्स्पान्शन वॉल्व्हच्या भोकात त्याचा बर्फ होतो, आणि गॅस-तेलाबरोबर आम्ल होऊन आतून धातू खातं. मामांनी पाऊण तास पंप चालवला. मग दोन्ही वॉल्व्ह बंद करून पंप बंद केला आणि अर्धा तास नुसतं बसायचं. ‘काटा हालला तं सांगजो,’ म्हणून ते आईशी बोलायला आत गेले. मी त्या काट्यासमोर पाट टाकून बसलो. हलला नाही.

गॅसचा डबा ४५० ग्रॅमचा, पाचशेच्या आत मिळाला. वजनकाटा आईच्या स्वयंपाकघरातला, ज्यावर ती आता भाजीसुद्धा मोजून घेते. डबा काट्यावर ठेवून शून्य केलं, म्हणजे जेवढा गॅस जाईल तेवढा आकडा उण्यात दिसतो. पिवळ्या नळीतली हवा क्षणभर सैल करून काढून टाकली, नाहीतर एवढ्या खटपटीनंतर तीच हवा आत जायची.

इंजिन बंद असतानाच पहिला गॅस सोडला. व्हॅक्यूमनं तो आपोआप ओढला गेला, उणे १२०पर्यंत. मग थांबला. आता इंजिन चालू, एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर फुल, दारं उघडी. आणि कंडेन्सरपुढे घरातला टेबल फॅन लावला, कारण उभ्या गाडीला समोरून वारा नसतो. हाय साइडचा वॉल्व्ह घट्ट बंद आहे ना, ते मामांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिलं. इंजिन चालू असताना तो उघडला तर तिकडचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. इथून पुढचा गॅस फक्त लो साइडनं, डबा उभा धरून, वाफेच्या रूपात. उलटा धरला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि द्रव दाबला जात नाही, कॉम्प्रेसर मोडतो.

टक् असा आवाज आला. कॉम्प्रेसरचा क्लच लागला. लाइनीत गॅस फारच कमी असला की एक स्विच त्याला सुरूच होऊ देत नाही, कारण गॅसशिवाय तेल फिरत नाही. गेले कित्येक दिवस मी हा आवाज ऐकला नव्हता.

डबा हळूहळू गार पडला, त्यावर दव धरलं, मग पांढरा बर्फ चढला आणि गॅस जायचा मंदावला. मामांनी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं भोवती गुंडाळलं, वजनकाट्याकडे बघायची वेळ आली की ते काढायचं. डबा शेगडीवर किंवा उकळत्या पाण्यात धरणारे लोक त्यांनी पाहिले आहेत, ते आठवून त्यांनी तोंड वाईट केलं. उणे २००. उणे २७०. तीनशेला हाय साइडचा काटा २३० दाखवत होता आणि जाळीतून चांगलं गार वारं येत होतं. मी म्हणालो, ‘मामा, पुरे की आता.’

‘स्टिकरवर काय लिवलं हाय?’

उणे ३५२ला डब्याचा वॉल्व्ह बंद केला. लो साइड ४६, हाय साइड २४५, बाहेर ४०. जाळीत लावलेला थर्मामीटर दहा मिनिटांत ११वर आला. मामांनी कपलर काढले, दोन्ही तोट्यांवर साबणाचा थेंब टाकून बघितला, आणि खिशातून एक निळं टोपण काढून लो साइडवर बसवलं. वर्ध्याहून निघताना घेतलं होतं का, ते मी विचारलं नाही. उरलेला शंभर ग्रॅमचा डबा सावलीत ठेवला आहे.

आईला म्हटलं, बसून बघ. ती पुढच्या सीटवर बसली, दोन्ही हात जाळीपुढे धरले आणि मामांना म्हणाली, ‘भाऊ, तूही बस न.’ मामा मागं बसले. दारं लावली. मी बाहेर उभा राहून टेबल फॅनची वायर गुंडाळत होतो. काचेतून दोघं बोलताना दिसत होते.

मंगळवारी आम्ही काचा बंद करून नागपूरला गेलो आणि आलो. बुटीबोरीच्या पुढं आईला झोप लागली. शुक्रवारी डायलिसिसआधी तिला नेहमीप्रमाणे काट्यावर उभं केलं. मशीनवर घेण्याआधी वजन बघतात, मागच्या वेळेपासून अंगात किती पाणी साचलं ते त्यावरून समजतं. आधीच्या शुक्रवारी ३ किलो १०० ग्रॅम वाढलं होतं, सिस्टरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि आई खाली बघत राहिली होती. या वेळी २ किलो २००. सिस्टरनं आकडा वहीत लिहिला, ‘छान आजी,’ म्हणाली. आईनं वळून माझ्याकडे थर्मास दिला. हलवून पाहिला तर आत खडे वाजले.